माईकची तक्रार

१२ जुलै

गोटे,

फोनवर तू सारखी 'काय? काय?' करतेस, म्हणून शेवटी हे पत्र. गेल्या रविवारी मी चांगला घसा ताणून बोललो, तरी तुझं आपलं 'मामा, मोठ्यानं बोल ना'. तुमच्या विद्यापीठाच्या बाजूला लाइनचं काहीतरी झालंय बघ. नाहीतर ती बोंडं कानात खुपसून खुपसून तुझेच कान गेले असतील. अख्खं बसस्टँड ज्याच्या आवाजावर चालतं, त्या माणसाला त्याची सख्खी भाची सांगते, मोठ्यानं बोल! कागदावर तरी ऐकू येईल अशी आशा आहे.

इथंही तीच रड. स्टँडचा माईक गेले काही महिने मान टाकून बसलाय. 'टेकडीपलीकडे जाणारी गाडी फलाट चारवर लागली आहे' असं मी स्वच्छ सांगतो, आणि लगेच माझ्या खिडकीशी माणसं हजर. टेकडीपलीकडची गाडी कुठं लागली हो? वायरमनला किती वेळा सांगितलं. तो शिडीवर चढतो, वायरी हलवतो, 'हॅलो हॅलो' करतो आणि खाली उतरून म्हणतो, काका, काही बिघडलेलं नाही. मला काय तक्रारी करायची हौस आहे? शेवटी मॅनेजरसाहेबांकडे लेखी तक्रार दिली. कामचुकार माणूस मला खपत नाही.

घरात तुझी मामी. परवा तिला तीनदा चहा मागितला. तिसऱ्यांदा मला विचारते, काही म्हणालास का? आता तिला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलंय. ती नाक मुरडतेय, पण मी ऐकणार नाही.

आता मुद्द्याचं. मामी म्हणते की तू तिथं आजारी पडायचे पैसे घेतेस. हा काय प्रकार आहे? पीएचडी दगडांवर आणि आजारपण कसलं? खरंखुरं आजारी पाडतात की नुसतं नाटक? सुई टोचतात का? आणि बरं कोण करतं? नीट, बैजवार लिही. मला चैन पडत नाहीये.

तुझा मामा


२१ जुलै

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून खोलीत एकटीच हसत बसले. शेजारची मुलगी डोकावून गेली.

ऐक. आमच्याच आवारात मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या पोरांना खऱ्या पेशंटवर हात चालवण्याआधी आमच्यासारख्यांवर सराव करायला देतात. आम्ही सरावाचे पेशंट. एका लांबलचक बोळात ओळीनं खोल्या आहेत. प्रत्येकीत एक खाट, एक बेसिन, दोन खुर्च्या आणि भिंतीत एक काच. काचेपलीकडून शिक्षक बघतात, आपल्याला ते दिसत नाहीत. घंटा झाली की एक पोरगा आत येतो, घाबरत घाबरत विचारतो, काय त्रास होतोय? मग मी पोट धरून कण्हायचं. घंटा झाली की तो जातो, दुसरा येतो, आणि माझं पोट पहिल्यापासून दुखायला लागतं.

सुया टोचत नाहीत. दाबतात मात्र. एक चष्मेवाला आहे, त्यानं उजवीकडं दाबायचं ते डावीकडं दाबलं. तिथं मला गुदगुल्या होतात. अपेंडिक्सचा पेशंट खाटेवर फिदीफिदी हसला म्हणून त्या दिवशी माझी हजेरी घेतली गेली.

हजेरी घेणाऱ्या त्या आमच्या बाई. त्या मेंदूच्या डॉक्टर आहेत आणि आम्हाला आजारी पडायला त्याच शिकवतात. कुठं कळ येते, कशी येते, बसताना हात कुठं ठेवायचा, सगळं. सगळ्यात अवघड नियम म्हणजे विचारलं तरच सांगायचं. पेशंट स्वतःहून अर्ध्या गोष्टी सांगतच नाही, म्हणून आम्हीही गप्प बसायचं. समोरचा पोरगा नेमका प्रश्न सोडून भलतंच विचारत असतो आणि माझ्या पोटात उत्तर उड्या मारत असतं. गप्प बसणं मला किती जमतं ते तुला माहीत आहे.

शिष्यवृत्ती वेळेवर येईल तर शपथ, त्यामुळं मेसचा आणि खोलीचा खर्च या पोटदुखीवर भागतो. माझे गाईड म्हणतात, तुझं दगडांकडं लक्ष नाही. त्यांचंही खरंच आहे. पण मामा, दगड एकदा बघितला की तसाच असतो रे. माणसं बघायला मला जास्त मजा येतेय.

मामीच्या कानांचं काय झालं ते कळव. आणि इथं पहाटे सगळं इतकं शांत असतं की मला जाग येत नाही. तुमच्याकडं कॉलेजला होते तेव्हा मागच्या खोलीत स्टँडवरून तुझा आवाज यायचा, 'पहिली गाडी फलाट एकवर', की मी उठलेच. घड्याळ लावायची वेळ कधी आली नाही.

तुझी गोटी


५ ऑगस्ट

गोटे,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. अपेंडिक्सच्या गुदगुल्यांवर ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणजे तेवढं बरोबर ऐकू आलं बाईसाहेबांना. मधेमधे 'जरा पुढं होऊन वाच' म्हणत होती ते सोड.

कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. त्यानं तिला काचेच्या पेटीत बसवलं, कानांवर डबे लावले आणि शेवटी मला म्हणाला, हिचे कान तरण्या पोरीसारखे आहेत. घरी येईपर्यंत ती माझ्या दहा पावलं पुढं चालत होती. माझा काही त्या डॉक्टरवर विश्वास नाही. तपासताना निम्मा वेळ मलाच विचारत होता, काय म्हणालात? त्याचेच कान आधी तपासायला हवेत.

स्टँडवर नवीन माईक आला. कोरा करकरीत. आणि नव्याची तीच तऱ्हा! याचा अर्थ दोष माईकचा नाही, वायरींचा. म्हणजे वायरमनचाच. मी पुन्हा तक्रार दिली आणि आता त्याला नोटीस निघालीय. सप्टेंबरअखेर सुनावणी, त्यात मी सांगायचं. घरी लहान पोरं आहेत त्याला, वाईट वाटतं. पण लोकांच्या गाड्या चुकतात त्याचं काय?

हल्ली लोकही विचित्र झालेत. रोजचे प्रवासी खिडकीत येऊन विचारतात, काका, रागावलात का? मी कशाला रागावू? आरामात बसलेलो असतो. आणि परवा काय झालं, मामी बाहेर गेली होती, दूध गॅसवर. मी शेजारीच पेपर वाचत होतो. ती आली ती ओरडतच. म्हणे सगळ्या गल्लीत करपल्याचा वास आणि तू इथं बसून काय करतोस? मला कसलाही वास आला नाही. भांडं मात्र काळंठिक्कर झालं होतं, ते मीच घासलं.

पुढचा आजार कुठला देणार आहेत तुला? आधी मला कळव. डेपोच्या गॅदरिंगला मी एकदा मरणारा जहागीरदार केला होता, बायका रडल्या होत्या. तुला शिकवीन. आणि ते काचेपलीकडचे शिक्षक काय काय टिपून घेतात? हसल्याचे मार्क कापले का तुझे?

तुझा मामा


१९ ऑगस्ट

प्रिय मामा,

पत्राला उशीर झाला. जरा कामात होते.

मार्क पोरांचे कापतात, माझे नाही.

नवीन भूमिका मिळाली आहे. एक वयस्कर शिक्षक. पुरुषाची भूमिका मला का, असं विचारशील. माणसं कमी आहेत, म्हणून. आजाराचं नाव सांगायची परवानगी नाही, तसा नियम आहे.

तुझी मदत हवी. तुझ्या वयाचा माणूस कसा चालतो, कसा उठतो, हे मला नीट बघायचंय आणि इथं हॉस्टेलवर तसं कुणी नाही. म्हणून मामीला हाताशी घेऊन एवढं कर. तुझ्या खिडकीपासून कँटीनपर्यंत नेहमीसारखा चाल आणि मामीला बघू दे, तुझे दोन्ही हात सारखे हलतात का. शर्टाची बटणं लाव, कुठं अडखळतोस का बघ. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट भराभर एकमेकांवर आपट, आधी एका हाताचं, मग दुसऱ्या. डोळे मिटून साबण हुंग. मामीला विचार की तुझा आवाज पूर्वीसारखाच आहे का. जे होईल तेच लिही, अभिनय करू नकोस.

भूमिकेसाठीच हवंय. लवकर कळव.

गोटी


३० ऑगस्ट

गोटे,

काय ही परीक्षा! रविवार सार्थकी लागला. स्टँडवरची पोरं जमली होती बघायला.

चाललो. मामी मागून बघत होती. ती म्हणते उजवा हात झोकात हलतो आणि डावा अंगाला चिकटून राहतो, पिशवी धरल्यासारखा. मी म्हटलं, इतकी वर्षं बाजारातनं पिशव्या आणल्या, हाताला सवय लागली असेल. पुन्हा चाललो, मुद्दाम हलवत. ती म्हणाली, आता शिपाई वाटतोस. मग सोडून दिलं. लिही, डावा हात हलत नाही.

बटणं लागतात, पण वेळ खातात. नवीन शर्टांची काजंच बारीक करतात हल्ली. बोटं आपटायचा खेळ मला फार आवडला. उजवं झकास. डावं सुरुवातीला जोरात आणि मग हळूहळू दमतं, बॅटरी संपल्यासारखं. हे का होतं? मी दिवसभर करून बघतोय. कंडक्टरांनाही करायला लावलं, त्यांचं होत नाही. तुझ्या बाईंना विचार. साबणाला वासच नाही. मामी म्हणते, आहे की. कंपन्या लबाड झाल्यात आणि मामी भोळी आहे.

आवाजाचं मात्र मी तिला विचारलं नाही. माझ्या आवाजाबद्दल काय विचारायचं?

आता मी ओळखू का आजार? सांधे! तुझ्या मास्तरचे सांधे धरलेत. बरोबर की नाही? एवढी मदत केली, निदान कानात सांग. तो मास्तर बरा होतो का शेवटी? मला त्याची काळजी लागून राहिलीय.

तुझा मामा

ता. क. – मी मामी लिहितेय. पाकीट चिकटवायला त्यानं माझ्याकडं दिलं म्हणून संधी साधली. तू मास्तरबद्दल विचारतेस की याच्याबद्दल? माझे कान चांगले आहेत गं, आणि डोळेही. वर्षभर बघतेय, हसला तरी तोंडावर हसू दिसत नाही. मी काही बोलले की मलाच बहिरी ठरवतो. काय असेल ते सरळ त्याला सांग. आडून विचारलेलं त्याला कळलं तर फार लागेल.


८ सप्टेंबर

प्रिय मामा,

मी तुझ्याशी खोटं बोलले. मास्तरची भूमिका खरी आहे, पण ते प्रश्न त्याच्यासाठी नव्हते. तुझ्यासाठी होते.

झालं असं. तुझं दुधाचं पत्र आलं त्याच आठवड्यात बाई आम्हाला ही भूमिका शिकवत होत्या. म्हणाल्या, हा पेशंट आवाज गेला म्हणून कधीच येत नाही. आवाज बारीक झालाय हे त्याला स्वतःला कळतच नाही. त्याला वाटतं तो नेहमीसारखाच बोलतोय. तो सांगतो, माझ्या घरातले सगळे बहिरे झालेत. यावर सगळे हसले. सगळ्यात आधी मी हसले, कारण मला तूच आठवलास. आणि मग बाई पुढचं सांगायला लागल्या. चेहरा हलत नाही म्हणून लोकांना वाटतं हा रागावलाय. वास जातो. एका बाजूचा हात चालताना हलायचा थांबतो. अक्षर बारीक होतं. मामा, माझ्या पिशवीत तुझी पत्रं होती. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

या आजाराला पार्किन्सन म्हणतात. हात थरथरायला लागले की लोक डॉक्टरकडं जातात, पण पुष्कळांचे सुरुवातीला थरथरत नाहीत. मी डॉक्टर नाही. माझं चुकत असेल तर मला हवं तेवढं बोल, मी नाचत ऐकून घेईन. पण माझं चुकत नसेल तर औषधं आहेत, ती लागू पडतात. मुळापासून जात नाही, पण माणूस कामं करतो, फिरतो. आवाजाचेही व्यायाम असतात. बाईंनी तुला इथं आणायला सांगितलंय. त्या स्वतः बघतील.

आधीच का नाही सांगितलं? भीती वाटली म्हणून. तुझा माईक जाईल याची भीती वाटली. माझी अख्खी कॉलेजची वर्षं त्या आवाजानं उठवलीत, आणि त्याच आवाजात काहीतरी झालंय हे मीच तुला कसं सांगू? इथला नियम आहे ना, विचारलं तरच सांगायचं. तू विचारलं नव्हतंस. तरी सांगतेय.

आणि त्या वायरमनची काही चूक नसेल तर?

तुझी गोटी


१४ सप्टेंबर

पत्र मिळालं.

मी मन लावून चाललो, बटणं लावली, साबणं हुंगली. मला वाटत होतं माझ्या पोरीला मदत करतोय. आणि तू तिथं बसून माझी तपासणी करत होतीस. मामीही सामील. स्टँडवरची पोरं हसत होती ती बरोबरच हसत होती.

माझे हात थरथरत नाहीत. माझा आवाज ठणठणीत आहे. तीस वर्षं या स्टँडवर मी बोलतोय, तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. दगडांचं शिकायला गेलीस, दगडांचं शीक. चार महिने खाटेवर लोळून कुणी डॉक्टर होत नाही.

सुनावणीत काय सांगायचं ते माझं मी बघीन. सध्या पत्र लिहू नकोस.

मामा


१८ सप्टेंबर

मामा,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहितेय. राग हवा तेवढा ठेव, तो मला मान्य आहे. चोरून विचारायला नको होतं.

फक्त एक प्रयोग कर. सुनावणीच्या आधी, तोच माईक, त्याच वायरी. मामीला बोलायला बसव आणि तू शेवटच्या फलाटावर जाऊन उभा राहा. मग वायरमनला तुझा आवाज त्याच्या फोनमध्ये भरून घेऊ दे, तोही तिथूनच ऐक. दोन्ही ऐकलंस की जे वाटेल ते कर. मी पुन्हा या विषयावर अवाक्षर काढणार नाही.

बोटं आपटायचा खेळ तू दिवसभर खेळलास. हेही केल्याशिवाय तुला चैन पडणार नाही.

गोटी


६ ऑक्टोबर

गोटे,

चैन पडलं नाही. दोन दिवस अडून बसलो, तिसऱ्या दिवशी मामीला म्हटलं, चल.

दुपारची वेळ, गाड्या कमी. मामीला माझ्या खुर्चीत बसवलं. तिनं जन्मात माईक हातात धरलेला नाही. कागद धरून वाचायला लागली, अगदी घरात बोलते तशी, 'नदीकाठची गाडी फलाट दोनवर लागली आहे.' मी शेवटच्या फलाटावर, पार्सलच्या खोलीपाशी. एक एक शब्द ऐकू आला. पत्र्यावरची कबुतरं उडाली. एक म्हातारा बोचकं उचलून फलाट दोनकडं धावायला लागला, त्याला मला थांबवावं लागलं.

मग वायरमननं खोलीत माझा आवाज भरून घेतला. मी खरंच नेहमीसारखा बोललो, थोडा जास्तच जोर लावून. पुन्हा शेवटच्या फलाटावर गेलो. फोन माईकपुढं धरायला एका कंडक्टरला बसवलं आणि वायरमन, मामी दोघंही माझ्याबरोबर आली. वरून काहीतरी पुटपुट यायला लागली. एका सुरात, शब्द गिळत, कुणी झोपेत बोलावं तशी. मी वैतागून म्हटलं, हा कोण बडबडतोय? आधी माझं लाव की!

दोघंही खाली बघायला लागली.

गोटे, तिथंच बाकावर बसलो. वायरमननं चहा आणून दिला. ज्याची नोकरी मी खाणार होतो त्यानं. मला त्याच्याकडं बघवेना. मी म्हटलं, तू मला आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, काका, कसं सांगणार? या स्टँडवर मीही तुमचाच आवाज ऐकत लहानाचा मोठा झालो. रडू आलं मला, भर फलाटावर. पोरं बघत होती, बघू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांकडं गेलो. तक्रार मागं घेतली. म्हणालो, माईक चांगला, वायरी चांगल्या, वायरमन चांगला, बिघडलोय मी. ते म्हणाले, काय? मी पुन्हा सांगितलं. नोटीस रद्द झाली. मला मात्र तपासून येईपर्यंत माईकवर बसता येणार नाही. खुर्चीवर आता भरती झालेली एक पोरगी बसते. बरं बोलते, जरा घाई करते.

तुझ्या बाईंची वेळ घे. मला भीती वाटते, हे तुला सांगायला लाज वाटत नाही. तुझ्यावर ओरडलो त्याची वाटते. आणि बोट दमतं ते का, हे बाईंना नक्की विचारून ठेव. ते मला अजून कळलेलं नाही.

तुझा मामा


११ ऑक्टोबर

मामा रे,

पत्र बोळातच उघडलं आणि तिथंच रडले. चष्मेवाला तिथून जात होता. त्यानं विचारलं, कुठं दुखतंय? त्याला वाटलं माझी नवीन भूमिका आहे.

वेळ मिळालीय, पुढच्या गुरुवारी सकाळी. दोघं या. उतरलात की मी गेटवर असेन. बाईंना तुझा बोटाचा प्रश्न सांगितला, त्या म्हणाल्या, असे पेशंट मला आवडतात, सगळं समजावून सांगेन. तपासताना खोलीत मी नसेन. पण एक लक्षात ठेव. आम्हा सरावाच्या पेशंटांना शिकवतात की विचारलं तरच सांगायचं. तू तसं करू नकोस. दूध, साबण, काजं, मामीचे कान, सगळं सगळं सांग.

तुझी गोटी


३ डिसेंबर

गोटे,

तुझं म्हणणं खरं निघाल्याला आता दीड महिना झाला. सुरुवातीला रोज सकाळी उठल्यावर ते पुन्हा नव्यानं आठवायचं. आता उठल्यावर आधी गोळी आठवते. हात सुटा झालाय. मामी म्हणते, पुन्हा माणसासारखा चालतोस. साबणाला वास अजून नाही, त्याचा नाद सोडलाय.

आवाजाचा व्यायाम हा जबरदस्त प्रकार आहे. त्या व्यायामवाल्या बाईनं सांगितलंय की तुम्हाला बोंबलल्यासारखं वाटलं पाहिजे, तेव्हा कुठं लोकांना साधं ऐकू जाईल. रोज मागच्या अंगणात उभा राहून बोंबलतो. मामी पलीकडच्या टोकाला, हात वर केला की मी अजून मोठ्यानं. पहिल्या दिवशी शेजारचे धावत आले, आमचं भांडण चाललंय समजून.

परवा तिला म्हटलं, तुझे कान चांगले आहेत, माझं चुकलं. ती म्हणाली, काय? मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, नीट ऐकू आलं नाही. चार वेळा वदवून घेतलं तेव्हा हसली. बाई लबाड आहे.

गेल्या सोमवारपासून सकाळची पाळी मला परत दिलीय. फक्त सकाळची. नंतर आवाज थकतो, मग मी चौकशीच्या खिडकीत बसतो. तिथं जवळून बोलावं लागतं, तेवढं जमतं. वायरमननं माझ्यासमोर एक छोटा दिवा बसवलाय, आवाज खाली गेला की तो विझतो. मी दिव्याकडं बघत बोलतो. पहिली गाडी सांगितली तेव्हा मला वाटलं आपण वेड्यासारखे किंचाळतोय. फलाटावरून झाडूवाली ओरडली, काका, आज आलात होय! पुढं कधीतरी हेही जमणार नाही, बाईंनी ते लपवलं नाही, मीही विचारलं. तोवर पहिली गाडी माझी.

आता तुझं. गेल्या तपासणीला बाईंनी मला काचेमागं बसवलं होतं, तू मास्तर करत होतीस तेव्हा. तुला सांगितलं नाही, फिटंफाट. गोटे, हात झकास धरलास. बटणंही बरोबर. पण तू त्याला बिचारा केलास. मान खाली, डोळ्यांत पाणी. अगं, तो बिचारा नसतो, चिडलेला असतो! बायकोवर, डॉक्टरवर, वायरमनवर. सगळी दुनिया बिघडलीय आणि आपण एकटेच धड आहोत असं त्याला वाटत असतं. आणि तो तुझा चष्मेवाला घरच्यांचे कान कसे आहेत हे विचारायचंच विसरला. मी काचेवर टकटक करणार होतो, बाईंनी हात धरला. पुढच्या महिन्यात त्यांनी मला पोरांसमोर बसायला बोलावलंय. सराव नाही, खराखुरा पेशंट. तुझी नोकरी जाते की काय बघ.

दगडांचं लिहीत नाहीस आजकाल. गाईडना नाराज करू नकोस, ते पूर्ण झालंच पाहिजे. पेशंट व्हायला आता घरात एक पुरे.

या रविवारी मी फोन करणार आहे. बोंबलूनच बोलेन, पण कधी कधी मला न कळता आवाज खाली जातो आणि फोनवर काही दिवा नसतो. तेव्हा उगाच हूं हूं करत, कळल्यासारखं दाखवत बसू नकोस. ऐकू आलं नाही की सरळ 'काय?' म्हण. पन्नासदा म्हण. मी पुन्हा सांगेन.

तुझा मामा